बुरशीने चीटग्रास आटोक्यात येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत शिकायला किंवा कामाला गेलेले बरेच जण विचारतात, कुणी प्लांट पॅथॉलॉजीवाले असतात, कुणी नुसतंच डोंगराला लागलेली आग बघून हादरलेले. सगळ्यांच्या प्रश्नांचा रोख एकच, की झाडांना रोग पाडणारी बुरशी वापरून चीटग्रास हे गवत मारता येईल का. उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

चीटग्रास म्हणजे नक्की कुठलं गवत?

शास्त्रीय नाव ब्रोमस टेक्टोरम. मूळचं युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडचं, एका वर्षात जगून मरणारं गवत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं, गव्हाच्या बियाण्यात मिसळून, सामान पॅक करायच्या काडातून वगैरे, आणि १९३० च्या आसपास आज जिथे दिसतं त्यातल्या बहुतेक भागात पोचलेलं होतं. नेवाडा, युटा, आयडाहो, ओरेगन यांच्यात पसरलेला जो कोरडा ग्रेट बेसिन आहे तिथे ह्याचं सगळ्यात जास्त बस्तान आहे. सॅटेलाइटवरून काढलेला २०१८ चा एक अंदाज असा की तिथली सुमारे २,१०,००० चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे ग्रेट बेसिनचा जवळजवळ तिसरा हिस्सा, अशी आहे जिथे ह्या गवताचं प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे.

एक गवत जास्त झालं तर एवढं काय बिघडलं?

आग. हे गवत शरद ऋतूतल्या पावसावर उगवतं, थंडीभर छोटंसं रोप म्हणून बसून राहतं पण खाली मुळं वाढवत राहतं, आणि वसंतात बाकीची झाडं हातपाय पसरायच्या आत जमिनीतली ओल पिऊन टाकतं. मग मे-जूनमध्ये बी टाकून वाळून खडखडीत. म्हणजे ऐन उन्हाळा सुरू व्हायच्या वेळी सेजब्रशच्या दोन झुडपांमधली जी जागा पूर्वी बऱ्यापैकी उघडी असायची आणि जिथे आग आपोआप अडायची तिथे आता सलग वाळलेलं गवत पसरलेलं असतं. आयडाहोच्या स्नेक नदीच्या मैदानात पूर्वी साधारण ६० ते ११० वर्षांनी आग लागायची, चीटग्रास माजलेल्या जागी ते अंतर ३ ते ५ वर्षांवर आलं असं १९९० साली मांडलं गेलं. बिग सेजब्रश हे झुडूप जळालं की बुडातून परत फुटत नाही, त्याला बीपासूनच यावं लागतं, आणि ते मोठं व्हायच्या आत पुढची आग आलेली असते. दोन-तीन वेळा असं झालं की झुडूप संपतं, त्याच्यावर जगणारा सेज ग्राउस पक्षी जातो आणि उरतं फक्त चीटग्रास. नेवाडातली २०१८ ची मार्टिन फायर सुमारे ४,३५,००० एकरांवर पसरली होती, आणि तिला पसरायला वाव मिळाला तो मुख्यतः ह्या वाळलेल्या गवतामुळे. मला ह्या विषयाची एवढी कळकळ आहे ती ह्याचसाठी, कारण एकदा हे चक्र सुरू झालं की जमीन आपोआप मागे फिरत नाही.

मग तणनाशक मारा, नांगरा, गुरं चारा, ह्याने का भागत नाही?

थोडंफार भागतं. इमॅझापिक हे तणनाशक बरीच वर्षं वापरात आहे, अलीकडे इंडाझिफ्लाम आलंय जे जमिनीत जास्त काळ काम करतं. गुरांनी वसंतात कोवळं असताना खाल्लं तर बी कमी पडतं. पण उगवलेलं रोप मारलं तरी जमिनीत न उगवलेलं बी शिल्लक राहतं, हे मूळ दुखणं आहे. एका चौरस मीटरवर हजारो बिया पडतात, त्यातल्या काही त्या वर्षी उगवतच नाहीत, पुढच्या वर्षासाठी थांबतात, थोड्या त्याच्याही पुढे. आणि चीटग्रासची अजून एक खोड अशी की रोपं विरळ केली तर उरलेलं प्रत्येक रोप जोमाने वाढून भरपूर बी देतं, त्यामुळे तुम्ही अर्धी रोपं मारलीत म्हणून बी अर्ध्यावर येत नाही. जमिनीत मागे राहणाऱ्या ह्या बीपर्यंत पोचणारं काहीतरी हवं, म्हणून बुरशीकडे लक्ष गेलं.

कुठली बुरशी?

एकच नाही. चीटग्रासवर काम झालेल्या मुख्य बुरशा अशा: बी मारणारी पायरेनोफोरा सेमेनिपर्डा, काणी पाडणारी उस्टिलॅगो बुलाटा, आणि गवताचे पट्टेच्या पट्टे उगवेनासे होतात किंवा मरतात त्या प्रकारात सापडलेल्या फ्युजेरियम आणि रुटस्ट्रोमिया. ह्यावर युटातल्या प्रोव्होमध्ये यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या श्रब सायन्सेस लॅबोरेटरीत सुसन मेयर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, ब्रिगहॅम यंग आणि गोंझागा युनिव्हर्सिटीतले लोकही त्यात आहेत. हा विषय वाचायला घेतलात की ही नावं परत परत भेटतील.

'ब्लॅक फिंगर्स ऑफ डेथ' (मृत्यूची काळी बोटं) म्हणतात ती हीच का?

हो, पायरेनोफोरा सेमेनिपर्डा. नाव भडक आहे पण बघितल्यावर पटतं. चीटग्रासच्या जुन्या पट्ट्यातला वरचा वाळलेला थर बाजूला करून खालची बोटभर माती चाळून बघा, कुसळासकट पडलेल्या बारीक लांबट बिया सापडतात, त्यातल्या काहींच्या टरफलातून काळी, खरबरीत, काही मिलिमीटर लांबीची टोकं बाहेर आलेली दिसतात, कधी एक, कधी तीन-चार. भिंगाखाली त्यांच्यावर बीजाणू, म्हणजे बुरशी ज्यांच्यातून पसरते ते बारीक कण, दिसतात. ती बी चिमटीत दाबली की आत काही लागत नाही, जिवंत बी मात्र टणक लागते. लॅबमध्ये ओल्या कागदावर ठेवली तर लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत ही काळी बोटं बाहेर येतात.

मग सगळंच बी का मरत नाही?

ह्या प्रश्नावर जरा थांबायला लागेल कारण ह्याच्यातच सगळं येतं. बी आणि बुरशी ह्यांची शर्यत असते. बी ओली झाली की तिच्या पृष्ठभागावरचा बीजाणूही जागा होतो आणि आत घुसायला लागतो. बी पटकन रुजली तर बहुतेक वेळा सुटते, रोप वर येतं आणि बुरशी मागे राहते. बी सुप्त असेल, म्हणजे ओल मिळूनही रुजत नसेल, तर बुरशीकडे वेळच वेळ असतो आणि ती बी जवळपास हमखास जाते.

आता चीटग्रासची बी वर्षभर एकसारखी नसते. जूनमध्ये पडते तेव्हा बरीचशी सुप्त असते, उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत ती सुप्तावस्था हळूहळू उतरते, आणि शरदापर्यंत बहुतेक बी रुजायला तयार होते. चांगला पाऊस झाला की हे सगळं एकदम उगवतं आणि बुरशीच्या हाती फारसं लागत नाही. पण पाऊस अर्धवट झाला किंवा उशिरा झाला तर न रुजलेली बी थंडीत परत सुप्त होते, आणि वसंतात जमीन ओली असताना अशीच पडून राहते. बुरशीला सगळ्यात जास्त बळी मिळतात ते ह्यातले.

अजून एक बारकावा आहे. बीला रुजायला जेवढी ओल लागते त्यापेक्षा कमी ओलीत ही बुरशी वाढू शकते. त्यामुळे थोडा शिडकावा झाला, माती वरवर भिजली आणि परत सुकली, असं दोन-चारदा झालं तर बी रुजत नाही पण बुरशी आत सरकत राहते. म्हणून गंमत अशी दिसते की जास्त कोरड्या जागी बुरशीने मारलेल्या बिया जास्त सापडतात, ओलसर जागी कमी. बुरशी म्हणजे दमट हवा लागणार हे जे आपल्या डोक्यात बसलेलं असतं ते इथे लागू पडत नाही.

जास्त वेगाने वाढणारा स्ट्रेन (म्हणजे त्याच बुरशीचा वाण) निवडला तर शर्यत जिंकता येईल ना?

असंच वाटतं आणि तसं तपासूनही झालंय, निकाल उलटा आला. वेगाने वाढणारे स्ट्रेन रुजणाऱ्या बीला मारण्यात कमी पडले आणि हळू वाढणारे जास्त मारक निघाले. ह्याचं दिलं गेलेलं कारण असं की मारक स्ट्रेन आपली ताकद वाढण्यापेक्षा विष बनवण्यात घालतात, 'सायटोकॅलॅसिन-बी' (इंग्रजी B) नावाचं, त्याने गवताची बी लवकर निकामी होते. म्हणजे बुरशीला दोन्ही एकदम जमत नाही. आणि म्हणून निसर्गात प्रामुख्याने सुप्त बीवर जगणारे, फारसे मारक नसलेले स्ट्रेनही टिकून राहतात, कारण सुप्त बी मारायला फार विष लागतच नाही. प्रयोगासाठी स्ट्रेन निवडताना लॅबच्या डिशमध्ये कोण किती भराभर पसरतो हे बघून भुलायचं नाही, रुजणाऱ्या बीवर लावूनच बघायला लागतं.

काणीचं काय? गव्हा-ज्वारीला पडते तशीच का?

त्याच जातकुळीतली. उस्टिलॅगो बुलाटा बी रुजत असताना कोवळ्या कोंबात शिरते, रोपाबरोबर आतल्या आत वर चढते, बाहेरून रोप ठणठणीत दिसतं, आणि ओंबी बाहेर आली की दाण्याच्या जागी काळी भुकटी. फुगलेला दाणा बोटाने चोळला की बोट काळं होतं. त्या रोपाचं बी शून्य.

ऐकायला फार छान वाटतं पण अडचणी दोन. पहिली तापमानाची, लागण व्हायला कोंब येताना जमीन बऱ्यापैकी उबदार लागते, त्यामुळे शरदातला पाऊस लवकर झाला तर काणी जोरात पडते आणि थंडी पडल्यावर उगवलेली रोपं सुटतात. दुसरी वंशाची. चीटग्रास स्वतःच्याच परागावर बी धरतं, त्यामुळे त्याचे वेगवेगळे वंश शुद्ध राहतात, आणि काणीच्याही जाती ठरावीक वंशांनाच लागतात. एका जागेवरची काणी दुसऱ्या जागी नेऊन टाकली तर लागेलच असं नाही. त्यात जी रोपं वाचतात ती मोकळ्या जागेत जास्त बी देतात. त्यामुळे एकट्या काणीवर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही, दुसऱ्या उपायांच्या जोडीला ठीक आहे.

कधी कधी अख्खा माळ आपोआप चीटग्रासविना राहतो म्हणे, ते काय?

त्याला तिकडे डाय-ऑफ म्हणतात. मागच्या वर्षी गच्च गवत असतं आणि ह्या वर्षी त्या जागी उगवतच नाही, जुनं करड्या रंगाचं काड तेवढं पसरलेलं. नेवाडातल्या विनेमुक्काच्या आसपास असे मोठे पट्टे दिसलेत आणि तिथे बराच अभ्यास झालाय. कारण एकच नाही. माती-बीतून येणारी फ्युजेरियम कोंब वर यायच्या आत मारते, असं पुढे आलं. त्याशिवाय एक वेगळा रोग सापडला, रुटस्ट्रोमिया कॅपिलस-अल्बिस नावाच्या बुरशीचा, त्यात रोप मरतं आणि वेळेआधी पांढरंफटक पडतं, ओंबीत दाणा भरत नाही.

पण डाय-ऑफ झाला म्हणजे जमीन सुटली असं धरू नका. मागे राहिलेलं बी असतं, शेजारून बी येतं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत गवत परत हजर होतं. उपयोग असा की मध्ये जी मोकळीक मिळते त्यात ओल आणि अन्नद्रव्यं पडून असतात, त्या वेळी मूळच्या बहुवर्षायू गवतांचं बी टाकता येतं. सँडबर्ग ब्लूग्रास आणि स्क्विरलटेल डाय-ऑफच्या जागी पेरून बघितलंय आणि तिथल्या मातीने त्यांना मारलं नाही, उलट रोपं चांगली आली.

बुरशी बाहेरून आणून सोडणार का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या. तणावर बुरशी वापरायच्या दोन रीती आहेत. एक, तणाच्या मूळ देशातून त्याचा रोग आणून सोडायचा आणि पुढे तो आपला आपण पसरतो, जसं ऑस्ट्रेलियात १९७१ साली स्केलेटन वीडवर तांबेरा सोडला, पक्सिनिया कॉन्ड्रिलिना. दुसरी, जी बुरशी त्या जागी आधीच आहे तिलाच वाढवून, जास्त डोस करून, योग्य वेळी टाकायची, म्हणजे तणनाशकासारखी. अमेरिकेत १९८१ मध्ये डिव्हाइन आणि १९८२ मध्ये कॉलेगो ही अशी प्रॉडक्ट्स बाजारात आली, पहिलं संत्र्यांच्या बागांमधल्या एका वेलीवर, दुसरं भात-सोयाबीनमधल्या जॉइंटव्हेच ह्या तणावर. चीटग्रासचं काम दुसऱ्या रीतीत बसतं, कारण पायरेनोफोरा तिथल्या मातीत आधीच आहे.

मग गव्हाला, तिथल्या मूळच्या गवतांना धोका नाही का?

आहे, आणि तो लपवून कुणाचं भलं होणार नाही. पायरेनोफोरा सेमेनिपर्डा चीटग्रासपुरती नाही, कितीतरी गवतांच्या बीवर ती लागते, गव्हावरही. चीटग्रास स्वतः गव्हाच्या लांबच्या नात्यातलं असल्यामुळे फक्त त्यालाच लागेल असा रोग शोधणं हे मुळातच अवघड, रुंद पानाच्या तणाला जेवढा वाव असतो तेवढा गवताला नसतो. गव्हाच्या बाबतीत दिलासा एवढाच की पेरायचं बियाणं सुप्त नसतं, पटकन रुजतं आणि शर्यतीत पुढे निघून जातं.

मूळच्या गवतांचा विषय जास्त नाजूक आहे. ब्लूबंच व्हीटग्रास, स्क्विरलटेल, इंडियन राइसग्रास ह्यांच्यातली जी बी सावकाश रुजते किंवा सुप्त असते ती मरते. शिवाय प्रयोगात हेही दिसलं की चीटग्रास जास्त असलेल्या जागी बुरशीचा साठा एवढा वाढतो की शेजारच्या मूळ गवताच्या बीलाही जास्त लागण होते, म्हणजे आपण काही न टाकताही हे तण शेजाऱ्याला आजारी पाडतंच आहे. माझं मत असं: जिथे मूळची गवतं अजून तग धरून आहेत तिथे बुरशी टाकूच नये. जिथे आगीमागून आग येऊन फक्त चीटग्रास उरलंय, मातीत मूळ गवताचं बी जवळपास नाहीच, तिथे गमावण्यासारखं कमी असतं, तिथे वापरायचा विचार करावा. आणि नंतर जे पेरायचं ते पटकन रुजणारं निवडावं, बियाण्याला बुरशीनाशकाचा लेप द्यायचे प्रयोगही झालेत.

जनावरांना, माणसांना?

वर सांगितलेलं सायटोकॅलॅसिन-बी हे प्राण्यांच्या पेशींवरही काम करणारं रसायन आहे, लॅबमध्ये पेशींच्या आतल्या सांगाड्याची बांधणी अडवायला ते वापरतात. त्यामुळे नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. अमेरिकेत अशी बुरशी तणनाशक म्हणून विकायची तर ईपीएकडे (तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे) नोंदणी लागते आणि त्यात विषारीपणाच्या चाचण्या येतात, ते बरोबरच आहे.

शेतात टाकतात कशी?

आधी बुरशी लॅबमध्ये वाढवून बीजाणू काढायचे, मग ते भाजलेल्या मातीच्या बारीक दाण्यांसारख्या एखाद्या वाहकावर बसवायचे, म्हणजे हाताने किंवा मशीनने फेकता येतात. वेळ महत्त्वाची: बी पडून झाल्यावर आणि शरदातला मोठा पाऊस यायच्या आत. प्रयोगाच्या छोट्या प्लॉटमध्ये ह्याने मरणाऱ्या बीचं प्रमाण वाढतं. पण डोंगरच्या डोंगर धरायचे म्हटलं तर लागणारा माल, विमानाने टाकायचा खर्च, साठवणीत बीजाणू जिवंत ठेवणं, हे सगळं समोर उभं राहतं.

विकत मिळते का? घरी करता येईल का?

ह्या बुरशीचं विक्रीसाठी नोंदवलेलं प्रॉडक्ट नाही. आणि घरी वाढवून रानात सोडू नका, कृपा करून. कुठला स्ट्रेन आहे, बरोबर अजून काय वाढलंय हे घरी कळत नाही.

ते डी-७ वगैरे ऐकलं होतं, ती हीच बुरशी का?

नाही, तो बॅक्टेरिया, स्युडोमोनास फ्लोरेसेन्सचा स्ट्रेन. वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या शेतांवरच्या संशोधनातून पुढे आला, मुळांची वाढ रोखतो म्हणून त्याचा गाजावाजा झाला, लोकांनी मोठमोठ्या क्षेत्रांवर मारला. नंतर वेगवेगळ्या राज्यांत कंट्रोल प्लॉट (तुलनेसाठी काहीही न मारलेले तुकडे) ठेवून चाचण्या घेतल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चीटग्रास कमी झालं नाही. बुरशीवाल्यांनी ह्यातून एवढं घ्यावं की शेजारी न टाकलेला पट्टा ठेवल्याशिवाय निकाल सांगायचाच नाही, कारण चीटग्रास एका कोरड्या वर्षात आपोआपही निम्मं होतं.

एकदा टाकली की किती वर्षांत संपेल?

संपणार नाही. बुरशी मुख्यतः मागे राहणारं बी मारते, त्या वर्षीचं तयार बी नाही. म्हणून तिचा हिशोब जोडीने धरायचा: उगवून आलेली रोपं तणनाशकाने किंवा दुसऱ्या मार्गाने काढायची, आणि जे उगवलं नाही ते बुरशीवर सोपवायचं. दोन्ही एकाच हंगामात जमलं तर जमिनीतला बीचा साठा खरोखर खाली येतो, आणि त्याच वर्षी बहुवर्षायू गवत पेरून घ्यायचं, पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही, कारण शेजारच्या माळावरची बी वाऱ्याने आणि जनावरांच्या केसांत अडकून येतच असते.

आणि आग लागून गेली असेल तर?

आग लागल्यावरचा पहिला शरद फार मोलाचा. झुडपांखालचा वाळला थर जोरात जळतो, तिथलं बी बरंचसं जातं, दोन झुडपांमधल्या उघड्या जागेतलं मात्र वाचतं. म्हणजे आधी मोकळ्या जागेतली माती चाळून बघा, टणक बिया किती आणि काळी बोटं आलेल्या किती ते मोजा. टणक बिया फार असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करून मग पेरणी, कमी असतील तर वेळ न घालवता त्याच शरदात पेरणी करा.